धावपटूंचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा



हिवाळ्यात आपल्या वसई-विरारमध्ये मॅरेथॉन शर्यत भरते. भल्या पहाटे हजारो माणसे रस्त्यावर येतात. कुणाच्या पायांत नवे बूट असतात, कुणाच्या पायांत शाळेचे जुनेच बूट असतात. तुमच्यापैकी काही जण लहान गटात धावलेही असतील. निदान रस्त्याच्या कडेला उभे राहून तुम्ही टाळ्या तर नक्कीच वाजवल्या असतील.

पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. हे अंतर केवढे, ते ठाऊक आहे का? विरार स्टेशनवरून लोकल गाडीत बसून सांताक्रूझला उतरलात, तर साधारण तेवढे अंतर होते. गाडीत बसूनही आपण कंटाळतो. धावणारा माणूस मात्र ते अंतर स्वतःच्या पायांनी कापतो.

आता एक प्रश्न विचारतो. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये आपल्या देशाचे धावपटू प्रथम केव्हा धावले? त्याचे उत्तर आहे १९२०. त्या वेळी देश पारतंत्र्यात होता. खेळाडूंसाठी सरकारी शिबिरे नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या, प्रशिक्षक नव्हते. शेतात राबणाऱ्या तरुणाला परदेशी जाणाऱ्या बोटीचे तिकीट कोण काढून देणार? ते काम ज्या गृहस्थांनी मनावर घेतले, त्यांची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव सर दोराबजी टाटा.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा हे त्यांचे वडील व हिराबाई या त्यांच्या आई. मुंबईत शालेय शिक्षण झाल्यावर १८७५ मध्ये वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवले. दोन वर्षांनी ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी पुस्तकांइतकाच जीव मैदानाला लावला. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, घोडेस्वारी अशा कितीतरी खेळांत ते रमत. क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत त्यांनी महाविद्यालयात नावही मिळवले. १८७९ मध्ये ते भारतात परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले.

श्रीमंताचा मुलगा म्हणून त्यांना लगेच मोठी खुर्ची मिळाली, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. सुमारे दोन वर्षे त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रात बातमीदाराचे काम केले. त्यानंतर ते वडिलांच्या कापसाच्या व्यवसायात शिरले व हळूहळू सारा कारभार शिकले.

या काळात त्यांनी केलेले एक काम तुम्हां विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील शाळांत त्यांनी पाहिले होते, की तेथे खेळ हा शिक्षणाचाच एक भाग मानला जातो. आपल्याकडे मात्र खेळ म्हणजे अभ्यास बुडवणे, असा समज होता. (आजही काही घरांत तो आहेच!) दोराबजींनी काही मित्रांच्या मदतीने मुंबईतील अनेक हायस्कुलांची एक क्रीडा संघटना उभी केली आणि तिचे सरचिटणीसपद स्वतः सांभाळले. सुरुवातीला या संघटनेने शाळाशाळांमध्ये क्रिकेटचे सामने भरवले. पुढे धावणे, उड्या मारणे अशा मैदानी स्पर्धाही सुरू झाल्या. आज तुम्ही आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या संघाशी खेळता. अशा स्पर्धांची आपल्या भागातील वाट ज्यांनी आखली, त्यांच्यांत दोराबजींचे नाव घ्यावे लागते.

१८९७ मध्ये दोराबजींचा विवाह मेहरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहरबाई सुशिक्षित होत्या आणि उत्तम टेनिस खेळत. त्या काळी स्त्रियांनी मैदानावर उतरणे ही नवलाची गोष्ट होती. मेहरबाई साडी नेसूनच टेनिस खेळत आणि त्यांनी अनेक बक्षिसे मिळवली. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. परंतु दोघांनी अनेकांच्या मुलांसाठी पुष्कळ काही केले.

१९०४ मध्ये जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले. त्यांची तीन मोठी स्वप्ने अपुरी राहिली होती. भारतात पोलादाचा कारखाना काढणे, पाण्यापासून वीज निर्माण करणे आणि विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था स्थापन करणे, ही ती स्वप्ने होत. ती पुरी करण्याची जबाबदारी आता थोरल्या मुलावर, म्हणजे दोराबजींवर आली. त्यांना धाकटे बंधू रतन आणि इतर सहकारी यांची साथ होती.

वडील हयात असतानाच लोहखनिजाचा शोध सुरू झाला होता. दोराबजी स्वतः तज्ज्ञांबरोबर आपल्या महाराष्ट्रातील चंद्रपूर भागात बैलगाडीतून हिंडले होते. पुढे ओरिसातील मयूरभंज येथे उत्तम खनिज सापडले. १९०७ मध्ये पोलाद कंपनीची नोंदणी झाली. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न होता. इंग्लंडमधील सावकारांनी पुरेसा विश्वास दाखवला नाही. तेव्हा टाटांनी आपल्याच देशबांधवांना हाक दिली. ते स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी कंपनीचे भाग विकत घेऊन भांडवल पुरे केले. १९१२ मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले.

विजेचे स्वप्नही पुरे झाले. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याआधीच बंगळूरची विज्ञानसंस्था उभी राहिली होती. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने दोराबजींना सर ही पदवी दिली.

लोकांचा पैसा सुरक्षित राहावा आणि तो नव्या उद्योगांच्या कामी यावा, असेही प्रयत्न त्या काळात झाले. १९१७ मध्ये टाटांनी टाटा इंडस्ट्रियल बँक सुरू केली. १९१९ मध्ये दोराबजींनी न्यू इंडिया ही विमा कंपनी स्थापन केली. विमा कंपनी टिकली व वाढली. बँक मात्र टिकली नाही. १९२३ मध्ये ती सेंट्रल बँकेत विलीन करावी लागली. मोठ्या माणसांचे सगळेच बेत सिद्धीस जातात, असे नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा, म्हणजे एखाद्या अपयशाने खचून जाणार नाही.

आता आपण पुण्याला जाऊ. तेथे १९०६ साली स्थापन झालेली डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था आहे. १९१९ मध्ये या संस्थेने दोराबजींना अध्यक्ष म्हणून निवडले. संस्थेच्या मैदानावर स्पर्धा भरल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तरुण आले होते. त्यांना कोणी शास्त्रशुद्ध शिक्षण दिलेले नव्हते. शर्यतीचे नियमही त्यांना नीट ठाऊक नव्हते. त्यांच्या पायांत बूट नव्हते. खडबडीत रस्त्यावरून ते अनवाणीच धावले.

दोराबजींनी केंब्रिजमध्ये आणि युरोपात पुष्कळ शर्यती पाहिल्या होत्या. त्यांनी या तरुणांच्या वेळा पाहिल्या आणि ते थक्क झाले. युरोपातील चांगल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना व्हावी, अशा त्या वेळा होत्या. जर अनवाणी पायांनी, शिक्षणाशिवाय ही मुले एवढी धावतात, तर योग्य सराव मिळाल्यावर ती काय करतील? हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

मित्रांनो, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. बहुतेक जण टाळ्या वाजवून, पाठीवर थाप देऊन घरी जातात. दोराबजी तेथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, बेल्जियम देशातील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने होणार होते. तेथे निवडक धावपटूंना स्वतःच्या खर्चाने पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याशी बोलून त्यांनी भारताला प्रवेश मिळवण्याची खटपट केली. सरकारने आणि इतर क्रीडाप्रेमींनीही हातभार लावला.

अशा रीतीने एक छोटा संघ तयार झाला. त्यात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याचे धावपटू होते. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मल्ल होते. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉक्टर फैजी गेले. हे अतहर अली फैजी स्वतः टेनिसचे नामांकित खेळाडू होते. पाहा, या छोट्या संघात मराठी, कानडी आणि बंगाली माणसे होती. हिंदू, मुसलमान आणि पारशी एकाच बोटीतून निघाले होते.

तेथे काय झाले? पदके मिळाली का? नाही, एकही पदक मिळाले नाही. फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पुरी केली. त्यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले आणि त्यांचा क्रमांक १९ वा आला. सदाशिव दातार यांना शर्यत मध्येच सोडावी लागली. रणधीर शिंदे कुस्तीत कांस्यपदकाच्या अगदी जवळ पोचले. पण त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. परका देश, परके हवामान, परके अन्न आणि जगभरातून आलेले प्रतिस्पर्धी यांचा विचार केला, तर १९ वा क्रमांक लहान नव्हता. परंतु वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापावे, असेही काही घडले नव्हते.

केवळ नफा पाहणारा व्यापारी अशा वेळी हिशेबाची वही मिटून ठेवतो. पैसा गेला, हाती काही आले नाही, असे म्हणतो. दोराबजींनी वही मिटली नाही. त्यांनी पुढच्या सामन्यांची तयारी सुरू केली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर त्यांची निवड झाली. १९२४ मध्ये पॅरिसच्या सामन्यांसाठी निवड करायची होती, तेव्हा दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा भरवण्यात आल्या. निरनिराळ्या प्रांतांचे खेळाडू तेथे एकत्र आले. पॅरिसला धावपटूंबरोबर टेनिसचा संघही गेला. त्यात मोहम्मद सलीम, सय्यद मोहम्मद हादी आणि आधीचे व्यवस्थापक डॉक्टर फैजी हे खेळले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

तुम्हांला वाटेल, या माणसाकडे अमाप पैसा होता, मग त्याने खेळाडूंवर थोडा खर्च केला, यात काय विशेष? म्हणून त्याच १९२४ सालची दुसरी गोष्ट सांगतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर पोलादाचे भाव घसरले. परदेशातून स्वस्त पोलाद येऊ लागले. टाटांचा कारखाना संकटात सापडला. कामगारांचा पगार द्यायलाही कंपनीकडे पैसे उरले नाहीत. कारखाना बंद करावा की काय, अशी वेळ आली. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची सारी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली. तीत मेहरबाईंचे दागिनेही होते. जगप्रसिद्ध ज्युबिली हिरा होता. हा हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. या तारणावर बँकेने कर्ज दिले आणि कामगारांचे पगार झाले. पुढे कारखाना सावरला.

थोडा विचार करा. कंपनी बुडाली असती, तर पती-पत्नींच्या हाती काहीच उरले नसते. कायद्याने त्यांच्यावर अशी सक्ती नव्हती. कंपनीचे कर्ज वेगळे आणि घरचे दागिने वेगळे, असे ते म्हणू शकले असते. परंतु १९०७ मध्ये हजारो सामान्य माणसांनी त्यांच्या शब्दावर पैसे दिले होते आणि हजारो कामगारांची चूल त्या कारखान्यावर पेटत होती.

चरित्र वाचताना दुसरी बाजूही पाहायला हवी. पुण्याजवळ मुळशी येथे विजेसाठी टाटा कंपनीचे धरण बांधले जात होते. त्या धरणाच्या पाण्याखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावे जाणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि तेव्हापासून लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला. तरीही धरण झाले आणि जमिनी पाण्यात गेल्या. मुंबईला वीज मिळाली, हे खरे. त्यासाठी ज्यांची घरे गेली, त्यांचे दुःखही तितकेच खरे. ज्या पुणे भागातील शेतकरी तरुणांना अनवाणी धावताना पाहून दोराबजींचे मन हलले, त्याच भागातील शेतकऱ्यांवर हा प्रसंग यावा, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे. माणसाचा मोठेपणा सांगताना ती लपवू नये.

दोराबजींचे शेवटचे दिवस दुःखाचे होते. १८ जून १९३१ रोजी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने परदेशातच वारल्या. त्यांना इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे दफन करण्यात आले. दोराबजी एकाकी झाले. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती एका विश्वस्त निधीला देऊन टाकली. विश्वस्त निधी म्हणजे काय, ते तुम्हांला सहज समजेल. आपल्याकडे वक्फ असतो. एखादी मालमत्ता चांगल्या कामासाठी कायमची राखून ठेवतात आणि तिच्या उत्पन्नातून ते काम चालते. विश्वस्त निधीची कल्पना त्याच्याशी मिळतीजुळती आहे. दोराबजींनी अट घातली, की मदत देताना देश, प्रांत वा धर्म असा भेद करू नये. पत्नीच्या आठवणीसाठी त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाकरिता आणखी एक निधी ठेवला.

नंतर ते पत्नीच्या कबरीला भेट देण्यासाठी युरोपला निघाले. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी त्यांना तेथे पोचायचे होते. ती भेट झाली नाही. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाद किसिंजेन या गावी त्यांचे निधन झाले. ब्रुकवुड येथे मेहरबाईंच्या शेजारीच त्यांनाही चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या निधीतून पुढे मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. मुंबईत परळला १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा रुग्णालय त्यांपैकीच एक आहे. ज्युबिली हिराही पुढे विकला गेला आणि त्याचा पैसा निधीकडे आला. आपल्या वसई-विरारमधूनही कितीतरी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पहाटेची लोकल पकडून परळच्या त्या रुग्णालयात जातात. आपण ज्या दारात उभे आहोत, ते अनवाणी धावपटूंना बोटीत बसवणाऱ्या माणसाच्या पैशाने उघडले, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

आणि पदकांचे काय झाले? १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. पाच सामन्यांत आपण २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. ध्यानचंद, फिरोज खान, शौकत अली असे खेळाडू त्या संघात होते. कुस्तीतील कांस्यपदक १९२० मध्ये रणधीर शिंदे यांच्या हातून थोडक्यात निसटले होते. बत्तीस वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकी येथे, कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी ते आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. ते पाहायला दोराबजी हयात नव्हते.

मुलांनो, बँकेत ठेव ठेवली, की ठरलेल्या दिवशी ती व्याजासह आपल्याच हाती येते. दोराबजींनी फडेप्पा चौगुले आणि त्यांच्या सोबत्यांसाठी जे खर्च केले, ती वेगळ्या प्रकारची ठेव होती. तिचे व्याज दुसऱ्यांना मिळाले, फार उशिरा मिळाले आणि अजूनही मिळत आहे.

पुढच्या हिवाळ्यात आपल्या रस्त्यावरून मॅरेथॉन जाईल, तेव्हा पहिल्या क्रमांकाला टाळ्या द्याच. परंतु १९ व्या क्रमांकाने येणाऱ्यालाही विसरू नका. तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी सर्वांत वेगाने धावत असेल आणि तिच्याकडे बूट नसतील, तर नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. काय करता येईल, ते आपल्या शिक्षकांशी बोला. हिरे आपल्याजवळ नाहीत. पण वर्गणी काढायला हिरे लागत नाहीत.

शब्दार्थ

पाठीराखा – मदत करणारा, पाठीशी उभा राहणारा
पारतंत्र्य – गुलामी
अनवाणी – पायांत काही न घालता
मल्ल – पहिलवान
खटपट – प्रयत्न, धडपड
गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू तारण म्हणून देणे
चूल पेटणे – घरात अन्न शिजणे, पोट भरणे
चिरविश्रांती – मृत्यूनंतरची कायमची विश्रांती

स्वाध्याय

१. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुंबईतील शाळांसाठी दोराबजींनी कोणते काम केले?
(आ) पुण्याच्या शर्यतीत दोराबजी का थक्क झाले?
(इ) १९२४ मध्ये त्यांनी आपली मालमत्ता गहाण का ठेवली?

२. चर्चा करा : मुंबईला वीज हवी होती आणि मुळशीच्या शेतकऱ्यांना आपली जमीन हवी होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे वर्गात मांडा.

३. मैदान, शर्यत, मदत, हिशेब या शब्दांशी मिळतेजुळते शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि मराठी वाक्यांत वापरा.

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या खेळाडूला कोणी कोणी मदत केली, ते विचारून आठ-दहा ओळी लिहा.